हवेत कातलेला दट्ट्या

बायकोचं तेरावं होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा तिच्या मोबाइलवर फोन आला. तो मोबाइल मी रोज चार्ज करत असे. का, ते सांगता येणार नाही. पलीकडून एक मुलगी गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाली, "मॅडम, आपकी हाजरी कम पड रही है. ऐसा चलेगा तो परीक्षा में बैठने नहीं देंगे."

मी म्हटलं, मॅडम वारल्या.

मग तीच मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "सॉरी सर. तो फिर सीट का क्या करना है?"

त्या दिवसांत घरी येणारं प्रत्येक माणूस 'ईश्वरेच्छा' म्हणून जात होतं, आणि ईश्वरेच्छेला काही उत्तर द्यावं लागत नाही. ज्याला उत्तर देता येईल असा प्रश्न मला बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा कुणी विचारला होता. मी म्हटलं, येऊन सांगतो.

आम्ही गुजरातेत, डिंडोलीत राहतो. मी मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. वर्गात दरवर्षी थोडी कमी मुलं असतात, आणि जी असतात ती मधल्या सुट्टीत गुजरातीत भांडतात. बायको उधन्याच्या एका कारखान्यात चेकर होती. कापड विणणाऱ्या लूमला लागणारे बुश, कॉलर, शाफ्ट तिथे तयार होत, आणि ते मापात आहेत की नाहीत हे मायक्रोमीटर लावून पाहणं हे तिचं काम. बरोबर असलेले एका ट्रेमध्ये, चुकलेले दुसऱ्या. अशी बरीच वर्षं गेल्यावर एक दिवस ती जेवताना म्हणाली, "दुसऱ्यांनी केलेलं नापास करायचा आता कंटाळा आला."

"मला तर अजून आला नाही," मी म्हटलं.

"तुमची पोरं पुढच्या वर्षी पास होतात. माझा बुश भंगारात जातो."

मग तिने संध्याकाळचा क्लास लावला. सीएनसी लेथ म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारं कातयंत्र. ते हुकूम ओळीनं हाताने लिहिण्याऐवजी संगणकावर वस्तूची आकृती काढायची, कोणतं हत्यार कुठून कसं फिरेल ते ठरवायचं, आणि हुकूम सॉफ्टवेअरकडून लिहून घ्यायचे. याला कॅम म्हणतात. हे मी आता इतक्या सहज सांगतोय, पण ती सांगायची तेव्हा माझं अर्धं लक्ष वर्तमानपत्रात असे. क्लास सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला आणि तिला ताप आला. तापाचंच निमित्त झालं.

क्लासच्या ऑफिसात मी गेलो तो नाही म्हणायलाच. फोनवरची मुलगी तिथे होती. तिने मला पाणी दिलं आणि नियम सांगितला: पैसे परत मिळत नाहीत, पण सीट घरातल्या घरात कुणालाही देता येते. "बेटा, बेटी, कोई भी."

"मूलबाळ नाही. मीच आहे."

"तो आप बैठ जाओ ना, सर," ती म्हणाली. आणि मग जरा ओशाळून, "बस एक प्रॉब्लेम है. पोर्टल में नाम चेंज का ऑप्शन ही नहीं है. क्लास आप करोगे, लेकिन सर्टिफिकेट मॅडम के नाम का आएगा."

तिने ही अडचण म्हणून सांगितली. मी त्याच अडचणीसाठी प्रवेश घेतला.

बायकोचं नाव आजवर दोनदाच छापून आलं होतं. एकदा लग्नपत्रिकेत, एकदा उत्तरकार्याच्या पत्रिकेत. दोन्ही वेळा माझ्या नावाला जोडून, आणि दोन्ही वेळा मजकूर दुसऱ्यांनी ठरवलेला. आता तिचं नाव एकटं छापून येणार होतं, खाली तिने मिळवलेली पदवी. त्यासाठी मला फक्त यंत्रविद्या शिकायची होती. मी आठवी-नववीला व्याकरण शिकवणारा माणूस आहे आणि घरातला बल्बसुद्धा तीच बदलायची, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी सरांनी संगणकावर पाहून हजेरी घेतली. सर माझ्यापेक्षा बरेच लहान, गुजराती, शर्टाच्या खिशाला पट्टी अडकवलेली. बायकोच्या नावाशी येऊन ते थांबले. नाव न वाचता पुढे जावं की काय, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मी म्हटलं, "हजर." वर्गातल्या सगळ्या माना वळल्या. पुढच्या आठवड्यात कुणाची वळली नाही. आयुष्यभर मी हजेरी घेतली होती आणि दुसऱ्याच्या नावावर 'हजर' म्हणणाऱ्याला बाकावर उभं केलं होतं. आता रोज संध्याकाळी तेच करत होतो, आणि आपण खोटं बोलतोय असं एकदाही वाटलं नाही.

एका संगणकावर दोघं बसत. बायकोच्या शेजारी बसणारी मुलगी बारडोलीहून येई. तिचे वडील तिथल्या साखर कारखान्यात फिटर होते आणि मुलीने उसाच्या मळीचा वास नसलेल्या ठिकाणी नोकरी करावी एवढीच त्यांची इच्छा होती. तिने मला बायकोचं फोल्डर उघडून दिलं.

"आंटी बहुत बोलती थी," ती म्हणाली.

"घरी नाही बोलायची," मी म्हटलं.

"घर में टाइम किधर होगा? यहाँ पे तो माउस को भी गाली देती थी. अहिराणी में."

फोल्डरमध्ये एकच फाइल होती. क्लासच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या मनाची एक वस्तू आखून यंत्रावर करून दाखवायची असते. बाहेरून परीक्षक येतो, मापं घेतो आणि पास की नापास ते ठरवतो. बाकीची मुलं बुद्धिबळाचं प्यादं करत होती. ते सोपं असतं, आणि दिसतंही छान. बायकोने फाइलीला नाव दिलं होतं 'सोऱ्या'.

आमच्या घरातला पितळी सोऱ्या तिच्या आईचा. नळकांड्यात गव्हाचा चीक भरायचा, वरून लाकडी मुठीचा दट्ट्या दाबायचा, खालून चकतीतून कुरडई पडते. दट्ट्याचं पितळी डोकं झिजून झिजून इतकं लहान झालं होतं की दाबलं की अर्धा चीक खाली जाई आणि अर्धा बाजूने वर येऊन मनगटापर्यंत चढे. दरवर्षी उन्हाळ्यात गच्चीवर ती हे सोसत असे. केसाच्या जाडीएवढा फरक निघाला तरी बुश भंगारात टाकणारी बाई घरी मात्र हा दट्ट्या चालवून घेत होती. एका रविवारी कारखान्याच्या शेठना विचारून तिने आतून मोजायचं मायक्रोमीटर घरी आणलं होतं आणि सोऱ्याचं पोट तीन ठिकाणी मोजलं होतं. मी तेव्हा विचारलं होतं, काय करतेस? ती म्हणाली होती, "तुमचं वाचन चालू द्या."

तर, दट्ट्याचं नवं डोकं. पितळेचा एक जाड तुकडा तिने आणूनही ठेवला होता. तो कपाटात तिच्या साड्यांखाली सापडला.

माझी मोठी बहीण नवागामला राहते. दर दोन दिवसांनी डबा घेऊन येते, आणि डब्याबरोबर थोडं बोलणंही. मी संध्याकाळी कुठे जातो हे तिला चाळीतून कळलं होतं.

"काय रे भाऊ, या वयमा काय शिकी राह्यना तू?"

"सोऱ्याचा दट्ट्या करतोय."

"दट्ट्या?" तिने डब्याचं झाकण तसंच धरून ठेवलं. "बजारमा मिळस ना!"

"तो बसत नाही नीट."

"अन् वरीसभर घरमा कुरडाया तं करता येवाव नहीत. मंग कसाले घाई करस?"

हे खरंच होतं. घरात माणूस गेलं की वर्षभर पापड-कुरडया घालत नाहीत. शेजारीपाजारी आणून देतात, त्या तळून खायच्या. म्हणजे जे करायला मी शिकत होतो ते झाल्यावर वर्ष सरेपर्यंत वापरताही येणार नव्हतं. हे मी बहिणीला सांगितलं नाही, कारण तेच तिने मला सांगितलं होतं. ती भाजी वाढताना म्हणाली, "मास्तर लोकेसनं डोकं वाचीवाचीच जास." मग पदराने डोळे पुसले आणि आणखी एक भाकरी वाढली.

शिकणं सुरू झालं. लेथवर वस्तू स्वतःभोवती फिरते आणि हत्यार तिला बाजूने लागत जातं. म्हणून संगणकावर वस्तूची पूर्ण आकृती काढत नाहीत. मधली रेषा धरून वरची अर्धीच काढतात. मी पूर्ण काढली. अर्ध्या उत्तराला अर्धे गुण देण्याची माझी जुनी सवय. सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत काहीतरी लिहिलं. सर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "काका, नीचे का मत बनाओ. आधा ही रखो. घूमेगा तो अपने आप पूरा हो जाएगा."

दुखवट्यातल्या माणसासमोर असं वाक्य टाकू नये. मी भाषेचा शिक्षक; रूपक लांबून येताना दिसतं. ते मी ओळखलं, त्याला दारातूनच नमस्कार केला आणि आत येऊ दिलं नाही. सर पितळेबद्दल बोलत होते.

खरं कापण्याआधी सॉफ्टवेअर सगळं पडद्यावर करून दाखवतं. पिवळा गोल तुकडा फिरतो, राखाडी हत्यार येतं, एकेक थर निघत जातो आणि शेवटी हवी ती वस्तू उरते. पडद्यावरचं पितळ तापत नाही, त्याचा चुरा डोळ्यांत जात नाही, आणि उलट्या बाणावर टिचकी मारली की कापलेला भाग परत येतो. पहिल्या आठवड्यात मी तो बाण गरजेपेक्षा जास्त वेळा दाबला, एवढंच सांगतो. शेजारची मुलगी माउस परत मिळायची वाट पाहत बसे. एकदाच म्हणाली, "अंकल, फाइल हँग हो जाएगी."

बायकोने आकृती पूर्ण करून ठेवली होती आणि बाहेरचा जाड थर काढण्याचा पहिला भागही आखला होता. पुढचं राहिलं होतं: शेवटचा नाजूक हात, मुठीसाठी मधोमध भोक, आणि तयार डोकं तुकड्यापासून कापून वेगळं करणं. सरांनी फाइल पाहिली, म्हणाले, "शरूआतनुं बधुं मॅडमे करेलुं छे. बराबर छे. तमे आगळ चलावो." तिने सुरू केलेलं पुढे चालवायचं, मला तेच हवं होतं. तिने केलेल्या एकाही रेषेला मी हात लावणार नव्हतो. दुसऱ्याच्या कवितेखाली आपण आपलं कडवं जोडावं, तसं तिच्या कामाखाली माझं काम जोडत गेलो. कधी भोक उलट्या बाजूने पडे, कधी हत्यार पडद्यावरच्या पितळातून आरपार निघून जाई. मुलं हसत. ती मला काका म्हणत आणि मी त्यांची मराठी सुधारत नसे, असा आमचा तह होता. हळूहळू माझं कडवं जमलं. पडद्यावर दट्ट्या झाला. मी तो कितीतरी वेळा पाहिला. दर वेळी बरोबर.

परीक्षेच्या दिवशी मी पितळेचा तुकडा आणि सोऱ्या दोन्ही कापडी पिशवीत घालून नेलं. तुकडा एकच होता. बिघडला तर दुसरा आणता आला असता, बाजारात पितळेला तोटा नाही. पण तो तिने आणलेला नसता. परीक्षक उतारवयाचे, कुठल्याशा मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला कंजूष. त्यांनी आधी सात-आठ प्यादी मोजली. प्यादी मोजणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो कंटाळा असतो तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आकृतीकडे पाहून विचारलं, "ये क्या है?"

"सोऱ्याचा दट्ट्या."

"सेव पाडवानुं," सरांनी मदत केली.

परीक्षकांच्या भुवया जराशा वर गेल्या. बऱ्याच वर्षांत त्यांनी प्यादं सोडून काही पाहिलं नसावं.

तुकडा यंत्राच्या जबड्यात घट्ट बसवला. तुकड्याचं पुढचं तोंड कुठे आहे ते सरांनी यंत्राला नेहमीप्रमाणे दाखवून दिलं. काचेचं दार बंद झालं. मी हिरवं बटण दाबलं.

पितळ गरगर फिरू लागलं. दुधासारखं पाणी उडायला लागलं. हत्यार झपकन आलं, थांबलं, आणि मग शांतपणे, एका लयीत, पुढे-मागे जाऊ लागलं. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की वर्गात कुणी बोलत नाहीये. मग कळलं की यंत्रातूनही हवा तो आवाज येत नाहीये. पितळ कापलं जाताना एक बारीक सळसळ होते, ती नव्हती. नुसतं पाणी वाजत होतं.

हत्यार तुकड्याच्या समोर, बोटभर अलीकडे, हवेत चाललं होतं. एक थर काढला, दुसरा काढला. मग ते मागे गेलं, दुसरं हत्यार आलं, आणि त्याने अत्यंत काळजीपूर्वक शेवटचा नाजूक हात फिरवला. मग ड्रिल आलं. जिथे काही नव्हतं तिथे मधोमध, ठरलेल्या खोलीचं भोक पाडलं आणि अदबीने परत फिरलं. सगळं माझ्या पडद्यावर घडत होतं तसंच घडलं. फक्त पितळ एकीकडे होतं आणि दट्ट्या दुसरीकडे. शेवटी यंत्राने काम संपल्याचा आवाज दिला. तुकडा जसाच्या तसा होता, आंघोळ केल्यासारखा ओला.

"काका," मागून कुणीतरी म्हणालं, "हवामां दट्ट्यो बनावी नाख्यो!"

वर्ग फुटला. मीही हसलो असेन. बारडोलीची मुलगी हसली नाही, तिने तोंडावर हात धरला होता.

परीक्षकांनी दार उघडून आत पाहिलं. मग हातातल्या कागदाकडे. कागदावर मापांचे रकाने होते. "डायमीटर क्या लिखूँ?" त्यांनी सरांना विचारलं.

"साहेब, जॉब तो कोरो छे," सर कोऱ्या तुकड्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"वही तो. गलत बना होता तो फेल लिखता. ये तो बना ही नहीं."

नापास व्हायलासुद्धा आधी काहीतरी असावं लागतं, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी बायको रोज नापासच तर करायची. तिच्यापुढे निदान बुश तरी असायचा.

सरांनी माझी फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. "झीरो! मॅडमे झीरो पाछळ राख्यो छे."

मग त्यांनी मला समजावलं. प्रत्येक माप कुठूनतरी मोजायचं असतं, त्या जागेला शून्य म्हणतात. या वर्गात शून्य तुकड्याच्या पुढच्या तोंडावर धरतात, आपल्याकडे असतं त्या बाजूला. हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, म्हणजे मी यायच्या आधी. बायकोने मात्र शून्य ठेवलं होतं मागे, जबड्याकडे. दट्ट्याची ती बाजू शेवटी कापून वेगळी होते, आणि तीच चिकाला लागते. सॉफ्टवेअरला दोन्ही चालतं, म्हणून पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसलं नाही. यंत्राला मात्र शून्य पुढे आहे असं सांगितलेलं होतं. त्यामुळे त्याने अख्खा दट्ट्या, त्याच्या पूर्ण उंचीएवढा, पितळेच्या अलीकडे केला.

तिने ते ऐकलं नसेल, की ऐकून सोडून दिलं असेल? ज्या वस्तूचं काम एका तोंडाने होतं, ती त्या तोंडापासूनच मोजायची, असं तिला वाटलं असणार. माझ्या मनात हे आलं, बोललो नाही. परीक्षेत उत्तरामागचा विचार मांडणाऱ्या विद्यार्थ्याला मीसुद्धा कधी ऐकून घेतलं नव्हतं.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "माल खराब नहीं हुआ. एक और मौका देता हूँ."

"एक क्लिक छे," सर मला म्हणाले. "फाइलमां झीरो आगळ लई लो. बस."

मी माउस धरला. तिचं शून्य पडद्यावर होतं, एक लहानसा निळा-तांबडा कोपरा. त्याला पकडून पुढे ओढायचं होतं. तेवढंच. माझा हात हलेना. आपण इथे किती हास्यास्पद दिसतोय हे मला स्वच्छ दिसत होतं. दिसूनही हात हलेना. वर्गातली मुलं आता हसत नव्हती, हे त्याहून वाईट.

"सर," बारडोलीची मुलगी म्हणाली, "फाइल रहने दो ना. मशीन का झीरो पीछे ले लो."

सर तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. "वात तो एक ज छे," ते म्हणाले, आणि यंत्राकडे जाऊन त्यांनी एक आकडा बदलला.

गोष्ट एकच होती. पण तिने केलेल्या रेषेला हात लावायचा नाही, हे माझं व्रत यंत्राच्या कळफलकावरच्या एका आकड्याने राहिलं. व्रतं अशीच राहतात, एरवीसुद्धा.

या वेळी सरांनी पहिल्या काही ओळी एकेक थांबवून पाहिल्या. मग सोडून दिलं. सळसळ झाली. पितळेचा बारीक सोनेरी चुरा काचेवर उडाला आणि पाण्याबरोबर ओघळला. तिने आखलेला थर आधी निघाला, मग माझा नाजूक हात, मग भोक. शेवटी डोकं तुकड्यापासून सुटून खाली जाळीत पडलं, त्याचा आवाज आला.

परीक्षकांनी ते पुसलं, मायक्रोमीटर लावलं, फिरवून पुन्हा लावलं. कागदावर आकडे लिहिले. मग म्हणाले, "वो दूसरा हिस्सा है?"

मी पिशवीतून सोऱ्या काढून दिला. त्यांनी खालून चकतीवर तळवा धरला आणि वरून नवं डोकं सोडलं. ते आत जाईना. हवेवर तरंगत राहिलं. त्यांनी तळवा थोडा सैल केला, तसं ते हळूहळू, एका संथ वेगाने, खाली उतरलं. पुन्हा वर काढलं, पुन्हा सोडलं. बराच वेळ ते हेच करत होते. प्यादं घेऊन असं काही करता येत नाही.

"माप किसने लिया था?"

"मिसेसने."

"बहुत बढिया," ते म्हणाले. "पास." आणि पेन उघडलं. "नाम?"

मी बायकोचं नाव सांगितलं.

त्यांनी वर पाहिलं. सरांनी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. मग परत आले आणि मला म्हणाले, की हे त्यांना करता येणार नाही. जो यंत्रासमोर उभा होता त्याचंच नाव लागेल. मी म्हटलं, पोर्टलवर नाव बदलता येत नाही. ते म्हणाले, परीक्षकाच्या लॉगिनमधून येतं. हे त्यांनी मला दिलासा म्हणून सांगितलं. "आपने इतनी मेहनत की. नाम किसी और का क्यूँ जाए?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. आकृती तिची आहे, माप तिचं आहे, पहिला थर तिचा आहे, शून्यसुद्धा तिचं आहे. त्यांचं म्हणणं चुकीचं असतं तर हे सगळं बोलता आलं असतं. पण ते चुकीचं नव्हतं. मीच उभा होतो. मी म्हटलं, "ठीक आहे." ऑफिसातली मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उजळला. नावाचा प्रॉब्लेम सुटला होता.

दोन-तीन आठवड्यांनी ऑफिसातल्या त्या मुलीने सर्टिफिकेट घ्यायला बोलावलं म्हणून गेलो. जाड कागद, सोनेरी किनार, मधोमध माझं नाव. सीएनसी टर्निंग प्रोग्रामर. शाळेत दाखवलं असतं तर मुख्याध्यापकांनी मला बंद पडलेला पंखा दुरुस्त करायला सांगितला असता. मी ते पिशवीत ठेवलं आणि निघालो, तर सरांनी हाक मारली.

त्यांना एक विचारायचं होतं. नवी बॅच सुरू होणार होती. शून्य कुठे धरायचं हे ते दरवेळी फळ्यावर शिकवतात आणि दरवेळी कुणीतरी विसरतं. त्यात कधी हत्यार जबड्यावर जाऊन आदळतं आणि मोडतं. आमच्या फाइलीत मात्र काहीच मोडत नाही, आणि चूक लांबूनसुद्धा दिसते. ती त्यांना नमुना म्हणून हवी होती. रिकाम्या यंत्रावर चालवून दाखवतील.

"दाखवा," मी म्हटलं.

"एक बात और, साहब." त्यांनी फाइलीतून निघालेला प्रोग्राम पडद्यावर उघडला. हजारभर ओळी, नुसती अक्षरं आणि आकडे. पण सगळ्यात वरची ओळ निराळी होती. कंसात, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, बायकोचं नाव होतं. फक्त तिचं, मागेपुढे काही नाही. सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी विचारतं की प्रोग्राम कोण लिहितंय. तिने लिहून टाकलं होतं, आणि तेव्हापासून ते आपण होऊन प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर तिचं नाव घालत होतं. मी एवढे महिने खालच्या ओळी वाचत होतो. ही ओळ यंत्र पाळत नाही, सर म्हणाले, नुसती दाखवतं.

"ये मैं निकाल दूँगा," ते म्हणाले. "चिंता मत करो. भूल का नमूना है, उसमें मॅडम का नाम अच्छा नहीं लगेगा. छोकरे हँसते हैं."

त्यांनी ती ओळ निवडली. ती निळी झाली. बोट खोडायच्या बटणावर होतं.

"राहू द्या," मी म्हटलं.

"साहब, मैं तो आपके लिए..."

"माहीत आहे. पण राहू द्या."

"हर बॅच में चलेगा ये. हर बार हँसेंगे."

"हसू द्या."

सरांनी बोट मागे घेतलं. मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाले, "वैसे भूल तो बोल नहीं सकते. झीरो पीछे रखने में कुछ गलत नहीं है. बस सबको पता होना चाहिए."

"हे सांगाल त्यांना?"

"ये भी बोलूँगा," सर म्हणाले, आणि फाइल नव्या बॅचच्या फोल्डरमध्ये टाकून त्यांनी ती पुन्हा एकदा जपून ठेवली.